साबणाची वडी ते भिंतीवरची बाटली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पर्यटकांना घेऊन समुद्रात हिंडणारी जी मोठमोठी जहाजं असतात, ज्यांना आपण आता मराठीतही सरळ ‘क्रूझ’ म्हणतो, त्यांच्या न्हाणीघरात गेल्या काही वर्षांत एक छोटासा बदल झाला आहे. पूर्वी तिथे शाम्पूच्या, अंगाला लावायच्या द्रवसाबणाच्या तळहाताएवढ्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या असत. त्या जाऊन भिंतीवर पक्क्या बसवलेल्या, दाबलं की थेंब देणाऱ्या आणि संपल्या की पुन्हा भरल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या आल्या. बदल एवढाच. पण प्रवाशांमध्ये त्याची जी चर्चा झाली, ती जहाजाच्या इंजिनाबद्दल कधी झाली नसेल. कुणी म्हणालं, कंपनीने कंजूषपणा केला. कुणी म्हणालं, घरी न्यायला काही आठवण उरली नाही. आणि कंपन्या म्हणाल्या, आम्ही हे समुद्रासाठी केलं.

आता तुम्ही म्हणाल, साबणाच्या बाटलीला कसला आलाय इतिहास? पण मला नेहमी असं वाटतं, की एखाद्या काळात कुणाला काय फुकट मिळत होतं आणि कुणाला काय स्वतः आणावं लागत होतं, हे पाहिलं की त्या काळाची ओळख पटते. जहाज ही तर माणसांची एक बंदिस्त पेटीच. तिथे पाणी मोजकं, जागा मोजकी, आणि रागावून उठून जायची सोय नाही. त्यामुळे सुखसोयीच्या वाटपाचा हिशोब जहाजावर जितका स्पष्ट दिसतो, तितका जमिनीवर दिसत नाही.

सुरुवात बाटलीतल्या पदार्थाच्या नावापासूनच करू. शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. चंपी, चांपणे या आपल्या शब्दांचाच तो भाऊ. त्याचा मूळ अर्थ केस धुणं नव्हे, तर अंग रगडणं, मालिश करणं. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेच्या स्नानाचा आणि चंपीचा मोठा व्यवसाय उभा केला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांची सेवा करण्यापर्यंत त्याची कीर्ती गेली. १८२२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे आज क्रूझवरचा अमेरिकन प्रवासी ज्या बाटलीवरून कुरकुर करतो, तिच्यावरचं नाव आपल्या मातीतलं आहे.

आता जहाजाकडे वळू. १८४० च्या जुलैमध्ये क्युनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली. नियमित वेळापत्रकाने अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींच्या युगातलं हे एक मोठं पाऊल. प्रवासी जेमतेम ११५. त्यांना ताजं दूध मिळावं म्हणून बोटीवर चक्क एक गाय ठेवलेली होती. सुखसोय म्हणतात ती ही! पण याच बोटीने १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स अमेरिकेला गेला आणि परत आल्यावर त्याने आपल्या केबिनची जी टर उडवली, ती आजही वाचली जाते. कंपनीच्या चित्रातली प्रशस्त खोली आणि प्रत्यक्षातलं खुराडं यांच्यातलं अंतर पाहून त्याला हसावं की रडावं ते कळेना. जाहिरातीतली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांचं भांडण किती जुनं आहे, पाहा.

डिकन्स निदान केबिनमध्ये होता. त्याच समुद्रावरून आयर्लंड, जर्मनी, इंग्लंडमधून लाखो गरीब माणसं अमेरिकेला निघाली होती, ती बोटीच्या पोटात, तळाकडच्या सामायिक जागेत. त्यांनी आपलं अंथरूण स्वतः आणायचं, बहुतेकदा पेंढा भरलेली गादी. टिनाचं ताट, पेला, चमचा स्वतःचा. कोकणच्या बोटीने डेकवर वळकटी पसरून प्रवास केलेल्या आपल्या जुन्या पिढीला हे चित्र समजावून सांगायला नको. या प्रवाशांचे हाल इतके होत, की शेवटी सरकारला कायदे करावे लागले. १८५५ च्या ब्रिटिश कायद्याने प्रत्येक प्रौढ प्रवाशाला रोज ३ क्वार्ट पाणी दिलं पाहिजे असं ठरवलं. ३ क्वार्ट म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. स्वयंपाकाचं पाणी वेगळं, पण बाकीची सगळी गरज त्या साडेतीन लिटरमध्ये. अंघोळीचा प्रश्नच मिटला!

मग माणसं अंग धुवायची कशाने? समुद्राच्या पाण्याने. पण इथे एक अडचण होती. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही. चरबीपासून केलेला साबण खाऱ्या पाण्यात फुटतो, त्याची चिकट साय अंगावर बसते. यावर उपाय निघाला तो खोबरेल तेलाचा. खोबरेल तेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो आणि फेस देतो. म्हणून बोटींसाठी वेगळा ‘खलाशी साबण’ तयार होऊ लागला, आणि त्याचा आधार होतं आपल्या नारळासारख्याच उष्ण किनाऱ्यांवरच्या नारळाचं तेल. पुढे श्रीमंत प्रवाशांच्या बोटींवरही टबात गरम केलेलं समुद्राचंच पाणी असे. शेवटी अंगावरचं मीठ काढायला थोडं गोडं पाणी वेगळं दिलं जाई. गोडं पाणी ही खरी चैन होती, साबण नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपन्यांची चुरस वाढली आणि छोट्या छोट्या सोयी हे त्या चुरशीचं हत्यार झालं. १८७१ मध्ये व्हाइट स्टार कंपनीची ‘ओशनिक’ आली. तिच्या वरच्या वर्गाच्या केबिनमध्ये नळाचं पाणी होतं, खिडक्या मोठ्या होत्या, आणि स्टुअर्डला बोलवायला विजेची घंटी होती. १८७९ मध्ये ‘सिटी ऑफ बर्लिन’ या बोटीवर विजेचे दिवे लागले. ही विजेची घंटी मला फार बोलकी वाटते. बटण दाबणाऱ्याच्या दृष्टीने ती एक सोय आहे. पण प्रत्येक बटणाच्या दुसऱ्या टोकाला धावत येणारा एक माणूस असतो. जहाजावरच्या कुठल्याही सोयीचा इतिहास सांगताना त्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला आपण विसरता कामा नये.

आता, नुसतं फिरण्यासाठी बोटीत बसायची कल्पना केव्हा आली? जर्मनीत हँबुर्ग-अमेरिका कंपनीचा आल्बर्ट बालिन हा हुशार व्यवस्थापक होता. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी, बोटी रिकाम्या. मग त्याने १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीला पाठवली. सफर यशस्वी झाली. पुढे १९०० मध्ये त्याने खास सहलीसाठीच बांधलेली ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ ही बोट पाण्यात उतरवली. तिच्यावर फक्त पहिल्या वर्गाचे प्रवासी. बिचारी १९०६ च्या डिसेंबरमध्ये जमैकाजवळ खडकावर चढून संपली, पण तिने एक नवी गोष्ट रुजवली होती. कुठे पोहोचायचं याला आता महत्त्व उरलं नव्हतं. बोटीवरचे दिवस कसे जातात, याचे पैसे होते.

१९१२ ची ‘टायटॅनिक’ तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबद्दल बर्फाचा कडा सोडून दोन छोट्या गोष्टी सांगतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये ‘व्हिनोलिया ऑटो’ नावाच्या साबणाची जाहिरात निघाली होती. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना हाच साबण दिला जातो, अशी तिची प्रौढी. म्हणजे बोटीवर ठेवलेला साबण हा तेव्हापासून साबणवाल्याची जाहिरात आणि बोटवाल्याची प्रतिष्ठा, दोन्ही होता. दुसरी गोष्ट त्याच बोटीच्या तिसऱ्या वर्गाची. तिथे ७०० च्या वर प्रवासी होते आणि त्यांच्यासाठी न्हाणीचे टब होते दोन. एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी. त्या काळात हे वाईट मानलं जात नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. उलट इतर बोटींच्या मानाने टायटॅनिकचा तिसरा वर्ग चांगला समजला जाई. पहिल्या वर्गातही स्वतंत्र न्हाणीघर मोजक्याच खोल्यांना होतं. बाकीच्यांनी न्हाणीच्या स्टुअर्डला सांगून वेळ ठरवून घ्यायची.

इथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे विलायतेच्या बोटींचं मोठं नाकं बनलं. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर काम करणारी माणसं ठरावीक भागांतून येत. डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडचे आणि काठियावाडचे खलाशी, त्यांचे सारंग आणि तांडेल. भट्टीखान्यात पंजाबकडचे आगवाले. आणि जेवणघर, केबिनी, न्हाणीघरं सांभाळायला गोव्याचे लोक. बायकापोरं गावी ठेवून हे गोवेकर मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागातल्या आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये राहत, बोटीची वाट पाहत. खोलीत एकेकाची पेटी भिंतीला लावलेली, चटई पसरायला जागा मिळाली की झालं. बोटीवर चढल्यावर मात्र हाच माणूस साहेबाच्या खोलीतली चादर सुरकुती न पडू देता घाली, साबणाची नवी वडी ठेवी, टबातलं पाणी कोमट आहे ना हे कोपर बुडवून पाही. आणि संडास-मोऱ्या धुण्यासाठी आणखी खालच्या पायरीवर ‘टोपास’ असे. आपल्याकडची उतरंड बोटीवरही बरोबर गेली होती.

या माणसांना स्वतःला किती जागा मिळे? १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने बोटीवरच्या खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी किमान १२० घनफूट जागा द्यावी असं ठरलं. पण ही वाढ हिंदी खलाशांना, म्हणजे ‘लस्करां’ना लागू केली नाही. एकाच बोटीवर, एकाच समुद्रावर, माणसाच्या अंगाला किती जागा लागते हे त्याच्या रंगावरून ठरत होतं. लस्कर हा शब्द इंग्रजी कायद्यात सुद्धा होता, आणि तो होता बव्हंशी कमी देण्यासाठी.

सोय ही सवयीवरही अवलंबून असते, याचं एक उदाहरण गांधीजींचं. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघाले. काटे-चमचे कसे धरायचे ठाऊक नाही, कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायचा संकोच. म्हणून त्यांनी बरोबर नेलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. जेवणघरात टेबल मांडलेलं होतं, वाढणारा तयार होता, पण ती सोय त्यांच्यासाठी सोय नव्हती.

पुढचा टप्पा भरभर सांगतो. १९२० च्या दशकात अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांवर कडक बंधनं घातली, तेव्हा बोटींच्या तळातले गरीब प्रवासी आटले आणि कंपन्यांनी त्याच जागा रंगवून, पडदे लावून ‘टुरिस्ट’ वर्ग म्हणून विकल्या. १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासासाठी बोटीत बसायची गरजच संपत आली. मग बोटीने आपला धंदा बदलला. १९६६ मध्ये मायामीहून ‘सनवर्ड’ बोटीच्या कॅरिबियन सफरी सुरू झाल्या. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन, १९७२ मध्ये कार्निव्हल अशा कंपन्या उभ्या राहिल्या. १९७७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका लागली आणि मध्यमवर्गीय माणसालाही वाटू लागलं, की आपणही एकदा जावं. जहाज आता तरंगतं हॉटेल झालं.

आणि हॉटेल म्हटल्यावर हॉटेलच्या सवयी आल्या. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर ही कल्पना सामान्य हॉटेलात रुजवली ती स्टॅटलर या अमेरिकन हॉटेलवाल्याने, १९०८ मध्ये बफेलो शहरात. पुढे त्या न्हाणीघरात काय काय ठेवायचं याची स्पर्धा लागली. वेष्टनातली साबणाची वडी, शाम्पूची कुपी, टोपी, सुईदोरा. प्लास्टिक स्वस्त झाल्यावर या कुप्यांना धरबंध उरला नाही. जहाजांनी हे सगळं जसंच्या तसं उचललं. त्यात आपली भरही घातली. रात्री उशीवर चॉकलेट, टॉवेलला पिळे घालून केलेला हत्ती किंवा माकड, दारात सरकवलेलं उद्याच्या कार्यक्रमांचं छापील पत्रक.

आता जरा हिशोब करून पाहू. २०२४ च्या जानेवारीत सफरी सुरू केलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर २,८०० च्या आसपास केबिनी आहेत आणि प्रवासी साडेसात हजारांपर्यंत मावतात. समजा, अशा जहाजावर दर केबिनमागे आठवड्याला फक्त तीन छोट्या बाटल्या ठेवल्या. वर्षाला होतील चार लाखांहून जास्त. ही झाली एका जहाजाची, अगदी हात राखून केलेली बेरीज. त्यातली कितीतरी बाटल्यांत अर्धा शाम्पू तसाच राहणार.

मग हा कचरा जात कुठे होता? फार काळ त्याचं उत्तर सोपं होतं. समुद्रात. समुद्र मोठा आहे, त्याला काय होतंय, ही जगातल्या सगळ्या दर्यावर्दींची समजूत होती, आणि लाकूड, कापड, खरकटं टाकायच्या दिवसांत ती काही अंशी खपूनही गेली. प्लास्टिक मात्र कुजत नाही. म्हणून ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजावरून कुठल्याही समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी केली.

कायदा झाला, पण पाळला गेला का? १९९१ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘रीगल प्रिन्सेस’ या जहाजावरून कचऱ्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या समुद्रात टाकल्या जात होत्या, आणि एका प्रवासी जोडप्याने आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ते टिपलं. १९९३ मध्ये प्रिन्सेस कंपनीला ५ लाख डॉलर दंड झाला आणि त्यातली अर्धी रक्कम कायद्याप्रमाणे त्या जोडप्याला बक्षीस मिळाली. सहलीची चित्रफीत पुरावा झाली! १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियनने गुन्हे कबूल करून १ कोटी ८० लाख डॉलर दंड मान्य केला. त्यात तेलकट पाणी होतंच, पण प्रवाशांचे फोटो धुण्याची आणि कपडे ड्रायक्लीन करण्याची रसायनंही होती. म्हणजे पुन्हा छोट्या सोयीच. २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीने चोरनळी बसवून तेलकट पाणी समुद्रात सोडल्याबद्दल ४ कोटी डॉलर दंड मान्य केला. ही गोष्ट उजेडात आणली ती जहाजावर नव्यानेच लागलेल्या एका अभियंत्याने. त्या प्रकरणात मूळ कंपनी कार्निव्हलवर न्यायालयाची पाच वर्षांची देखरेख बसली. ती चालू असतानाच अटी मोडल्या म्हणून २०१९ च्या जूनमध्ये आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले. त्या वेळच्या आरोपांत एक होता बहामाच्या पाण्यात खरकट्यात मिसळलेलं प्लास्टिक सोडल्याचा.

ही सगळी जंत्री मी सांगितली ती कुणाला बदनाम करायला नव्हे. भिंतीवरची बाटली अचानक कुणाच्या सद्बुद्धीतून उगवली नाही, हे लक्षात यावं म्हणून. २०१८ मध्ये नॉर्वेच्या हुर्टिग्रुटेन कंपनीने एकदाच वापरून फेकायचं प्लास्टिक आपल्या जहाजांवरून बंद करायला घेतलं. त्याच सुमारास इतर मोठ्या कंपन्यांनी प्लास्टिकच्या नळ्या बंद केल्या. २०१९ हे हॉटेलांचं वर्ष ठरलं. इंटरकॉन्टिनेन्टल आणि मॅरियट या साखळ्यांनी छोट्या बाटल्या बंद करण्याचं जाहीर केलं. मॅरियटने आपल्याच हॉटेलांचा आकडा सांगितला तो वर्षाला सुमारे ५० कोटी बाटल्यांचा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून ५० हून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून आणि लहान हॉटेलांना २०२४ पासून अशा बाटल्या द्यायला मनाई केली. कायदा जमिनीवरच्या हॉटेलांचा, पण वारा समुद्रावरही गेला. जहाजांनी भिंतीला खिळे ठोकले.

या साधनाची एक खरी अडचण आहे, तीही सांगायला हवी. वरून झाकण उघडून ओतायच्या साध्या बाटल्या नीट धुतल्या नाहीत, तर त्यांत जंतू वाढतात, हे सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या तपासणीत दिसून आलेलं आहे. शिवाय कुणी खोडसाळाने आत भलतंच काही घातलं तर, ही भीती. म्हणून चांगल्या पद्धतीत बाटलीला कुलूप असतं, किंवा आतली बंद पिशवीच बदलली जाते. जहाजावर स्वच्छता हा मामला नाजूक असतो. अमेरिकेत १९७५ पासून प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेची सरकारी तपासणी होते, १०० पैकी गुण मिळतात, आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस पसरतो, तेव्हा हाताला चोळायचा अल्कोहोलचा द्रव फारसा कामाला येत नाही. तिथे आपला जुना साबण आणि पाणीच लागतं.

माझ्या ओळखीचा सिंधुदुर्गाकडचा एक तरुण अशाच एका जहाजावर केबिन सांभाळतो. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला या बाटल्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, “काका, बाटल्या गेल्या ते बरंच झालं. पूर्वी गाडीवर खोकी लादायची, मोजून ठेवायच्या, लोक मूठभर उचलून बॅगेत टाकायचे आणि परत मागायचे. आता दाबून बघायचं, संपली असेल तर भरायची.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण त्याबरोबर संध्याकाळची फेरीही गेली ना. वेळ वाचला म्हणून खोल्या वाढवून दिल्या. पूर्वी संध्याकाळी उशी सारखी करायला गेलो की माणसं दोन शब्द बोलायची. आता निम्म्या लोकांना माझं नावही ठाऊक होत नाही.” मी विचारलं, भिंतीवरच्या पाटीवर समुद्राचं नाव लिहिलंय, ते खोटं का? तो हसला. म्हणाला, “खोटं नाही हो. पण पूर्ण पण नाही.”

मला वाटतं, या सगळ्या बदलांबद्दल यापेक्षा नेमकं बोलणं कठीण आहे. छापील पत्रकाच्या जागी मोबाइल आला, त्यात कागद वाचला, आणि छपाईचा खर्चही वाचला. दिवसातून दोनदा खोली आवरण्याऐवजी अनेक कंपन्यांनी ती एकदाच आवरायला घेतली, त्यात धुलाईचं पाणी वाचलं, आणि मजुरीही वाचली. समुद्राचा फायदा आणि कंपनीचा फायदा एका दिशेला असेल तर बदल झपाट्याने होतो. दोघांच्या दिशा वेगळ्या असल्या, की चोरनळ्या बसतात. इतिहास एवढंच दाखवतो. शिवाय ज्या जहाजाची इंजिनं अहोरात्र इंधन जाळत असतात, त्याच्या हिशोबात शाम्पूची बाटली ही फार बारीक नोंद आहे, हेही प्रवाशाने विसरू नये.

या माणसांचं मोल कळलं ते २०२० मध्ये. करोनाच्या साथीत जगातली क्रूझ जहाजं थांबली, प्रवासी घरी गेले, आणि कर्मचारी मात्र महिनोन् महिने जहाजांवरच अडकले. बंदरं त्यांना उतरू देईनात. मुंबईच्या समुद्रात ‘मरेला डिस्कव्हरी’ हे जहाज आपल्याच देशातले जवळजवळ दीडशे कर्मचारी घेऊन वाट पाहत होतं. अखेर २३ एप्रिल २०२० रोजी त्यांना उतरायची परवानगी मिळाली. घर समोर दिसतंय आणि पाय ठेवता येत नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या उशा सारख्या करणाऱ्या आपल्या किनाऱ्याच्या लेकरांनी तेही भोगलं.

तेव्हा भिंतीवरची ती बाटली आली याचं मला दुःख नाही. दर वर्षी लाखो कुप्या कमी होत असतील तर त्या व्हायलाच हव्यात, मग कंपनीचे चार पैसे वाचोत. गाय गेली, खलाशी साबण गेला, सुईदोरा गेला, तशा कुप्याही जातील आणि दहा वर्षांनी त्या कुणाला आठवणारही नाहीत. माझं मागणं एवढंच आहे, की वाचलेल्या पैशाचा हिशोब सांगताना समुद्राच्या नावाबरोबर ती बाटली भरणाऱ्याचंही नाव यावं. १९०६ मध्ये त्याच्या अंगाला लागणारी जागा कायद्याने कमी धरली होती. आज त्याच्या वाट्याला किती खोल्या येतात, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. तुमच्यापैकी कुणी कधी अशा सफरीला गेलात, तर खोली आवरणाऱ्याला त्याचं गाव विचारा. ते गाव तुमच्या गावापासून फार लांब नसेल, अशी बरीच शक्यता आहे.